शिष्यवृत्ती परीक्षा आणि मुलांची भीती

शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली की वर्गात पोटदुखी वाढते. सराव पेपरच्या दिवशी तर हमखास. घरून फोन येतो, "बाई, सकाळपासून पोट दुखतंय म्हणतोय, पाठवू का नको?" पालकांना वाटतं नाटक करतोय. पण हे दुखणं खोटं नसतं. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालीन वाढतं, छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पोटात कालवाकालव होते. आणि गणित मांडायला डोक्यात जी जागा लागते ती काळजीनेच भरून जाते. म्हणून काल फळ्यावर झटकन सोडवलेलं उदाहरण आज पेपरात "आठवतच नाही". अशा मुलाला आणखी शंभर प्रश्न दिले तर भीती वाढते, गुण नाही.

मला वर्गात दिसतं ते असं की दहा-अकरा वर्षांच्या मुलाची भीती बऱ्याचदा विषयाची नसते, अनोळखीपणाची असते. एरवी आपली शाळा, आपला बाक, आपल्या बाई. इथे मात्र केंद्र दुसऱ्या शाळेत, वर्गात परके सर, हातात प्रवेशपत्र. पेन्सिल चालत नाही, बॉलपेन वापरायचं, म्हणजे खोडायची सोय नाही. उत्तर लिहायचं नाही, गोल रंगवायचा. एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं. हिशोब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. आपल्याला मोठ्यांना तरी जमेल का?

मग सराव कशाचा घ्यायचा? प्रश्नांचा घेतोच आपण, पण उत्तरपत्रिकेचाही घ्या. ओएमआर शीटच्या झेरॉक्स काढून दिवाळीनंतर दर आठवड्याला एक तरी पेपर त्यावरच सोडवून घ्यावा, आणि पेनानेच. सगळ्यात मोठी घबराट कुठे होते सांगते. मूल ३१ वा प्रश्न अवघड म्हणून सोडतं आणि ३२ व्याचं उत्तर ३१ व्या ओळीत रंगवतं. चाळिसाव्या प्रश्नाला लक्षात येतं. खोडता येत नाही. मग रडू येतं आणि पुढचं येत असलेलंही जातं. यासाठी साधी सवय लावायची: डाव्या हाताचं बोट उत्तरपत्रिकेवर त्या नंबरच्या ओळीवर, प्रश्न सोडला तरी बोट खाली सरकलंच पाहिजे. दर दहा प्रश्नांनी थांबून नंबर जुळवायचा. दोन-तीन पेपरांत हात बसतो.

दुसरी गोष्ट संचांची. शेजारच्या मुलाकडे वेगळा संच असतो, प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर शेजाऱ्याने दुसराच गोल रंगवलेला पाहून हुशार मूलसुद्धा आपलं बरोबर उत्तर सोडून देतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात चांगली, पण पेपरात पहिलं अवघड उदाहरण आलं की तिथेच अडकून बसायची. पेन हातात, नजर कागदावर, वेळ चाललाय. तिला जास्तीचं गणित शिकवून काही होणार नव्हतं. तिच्यासाठी आम्ही "दोन फेऱ्या" सुरू केल्या. पहिल्या फेरीत फक्त येणारे प्रश्न, बाकीच्यांच्या नंबरला प्रश्नपत्रिकेत खूण. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. महिनाभरात ती पेपर पूर्ण करू लागली. गुणवत्ता यादीत आली नाही, पण पात्र झाली.

इथे पालकांसाठी थोडं. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के मिळाले की मूल पात्र होतं. शिष्यवृत्ती मात्र ठरलेल्या संचांनुसार गुणवत्ता यादीतल्या मुलांनाच मिळते. म्हणजे पात्र झालेल्या बहुतेक मुलांना शिष्यवृत्ती मिळत नाही. हा फरक घरात माहीत नसतो आणि निकालादिवशी चांगले गुण मिळवलेलं मूल "नापास" ठरतं. (चौकात फोटोंचे फ्लेक्स लावताना आपण शिक्षकांनीही जरा विचार करावा. यादीत नसलेली मुलंही त्याच रस्त्याने शाळेत येतात.)

माझ्या मते खरं नुकसान होतं ते दोन पेपरांच्या मधल्या वेळेत. गेटवर पालकांची गर्दी, मूल बाहेर आलं की लगेच प्रश्नपत्रिका हातातून घ्यायची, "सोळाव्याचं काय केलंस? अरे, हे तर येत होतं तुला!" दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी आहे, पुन्हा ७५ प्रश्न. तिथे मूल हिरमुसलेलं जाऊन बसतं. प्रश्नपत्रिका पिशवीत ठेवा. नेहमीचा डबा द्या, पाणी द्या, सावलीत बसवा. अंतरिम उत्तरसूची नंतर येतेच, तेव्हा बघा काय ते.

शक्य असेल तर आदल्या दिवशी मुलाला केंद्रावर फिरवून आणा. गेट कुठलं, पाणी कुठे, आणि मुख्य म्हणजे शौचालय कुठे. मुलं हे कुणाला विचारत नाहीत, लाजतात. पेपर हातात आल्यावर धडधडलं तर नाकाने श्वास घेऊन मेणबत्ती विझवल्यासारखा हळूहळू, लांब सोडायचा, चार-पाच वेळा. हे घरी रोज केलेलं असेल तरच तिथे आठवतं.

झोप उडणं, जेवण तुटणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, असं दोन-तीन आठवडे चाललं तर मात्र सराव पेपर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येतं आणि पालक म्हणून तुम्हीही फोन करू शकता.