मुदत संपलेला पहारेकरी

गडचिरोलीहून पूर्वेस मुरूमगावाकडे व पुढे छत्तीसगडच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील धानोरा या तालुक्याच्या गावी मी गेलो होतो तो वनहक्काच्या दाव्यांचे काही कागद पाहावयास. परंतु ज्या सेवानिवृत्त गुरुजींनी ते आपल्या घरच्या संगणकात जतन करून ठेवले होते, त्यांच्या पडद्यावर ‘आपले संरक्षण समाप्त झाले आहे’ अशा अर्थाचा तांबडा इशारा पुन्हा पुन्हा उमटत होता. आणि जन्मभर करारी म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या वृद्ध गृहस्थाने त्या इशाऱ्याकडे ज्या भयाने पाहिले, ते भय पाहून मला कागदांपेक्षा त्याचेच कुतूहल अधिक वाटू लागले. जुना अँटिव्हायरस काढून नवा बसविण्यासाठी बोलाविलेला तरुण तेवढ्यात आला, व मी त्याच्यामागे खुर्ची ओढून बसलो.

दिवस चैत्राचे होते. अंगणात मोहफुले वाळत घातलेली, आणि त्यांचा तो गोड, किंचित आंबूस दर्प खिडकीतून येऊन यंत्राच्या उघड्या पेटीतील जुन्या धुळीच्या वासात मिसळत होता. धूळ झाडण्याचा संगणकाच्या विषाणूंशी काडीमात्र संबंध नाही हे तरुणाला ठाऊक होते. तरी त्याने ती आधी झाडली.

“जुना काढल्याशिवाय नवा नाही टाकाचा जी, गुरुजी,” तो म्हणाला. “एका बीटले दोन गार्ड ठेवले, तं ते चोराले सोडून एकमेकाइलेच धरतात.”

जंगलात वाढलेल्या माणसाने दिलेला हा दृष्टान्त तंतोतंत खरा आहे. कोणतीही फाईल उघडावयाची तर ती प्रथम आपल्या नजरेखालून गेली पाहिजे, असा अधिकार अँटिव्हायरस यंत्राच्या अगदी अंतर्भागात शिरून स्वतःकडे घेतो. असे दोन अधिकारी एकाच नाक्यावर उभे राहिले की एकाच्या दप्तरातील विषाणूंची वर्णने दुसऱ्यास विषाणूच भासण्याचा संभव असतो, आणि या परस्परतपासणीत यंत्र मात्र रखडत राहते. शिवाय विषाणूचे पहिले कृत्य पहारा उठविण्याचे असते, या रास्त भीतीपोटी हे अधिकारी स्वतःस हटविण्याचा कोणताही हुकूम सहजी मानीत नाहीत, मग तो खुद्द घरमालकाचा का असेना. मुदत संपली, नव्या विषाणूंची ओळख थांबली, तरी कब्जा सुटत नाही!

काढण्यापूर्वी तरुणाने एक गोष्ट केली, जी मी तरी इतरत्र कोणास करताना पाहिलेली नाही: त्याने जुन्या अँटिव्हायरसने बंदिस्त करून ठेवलेल्या फायलींची यादी उघडली. तीत बहुतेक लबाड शॉर्टकटच होते. झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेला पेन ड्राइव्ह लावला की मूळ फोल्डर दडवून त्याच नावाने जागेवर येऊन बसणारी ही जात आहे, आणि जिथे कागदपत्रे हातोहात पेन ड्राइव्हवरूनच हिंडतात तिथे ती सुखाने नांदते. परंतु त्या गर्दीत एक नाव पाहून गुरुजी पुढे वाकले. तेंदूपानांच्या हंगामाचा, त्यांच्या मुलीने तयार करून दिलेला हिशेबाचा तक्ता! बेरजा आपोआप व्हाव्यात म्हणून तिने त्यात लिहिलेल्या काही आज्ञा संशयास्पद ठरून तो केव्हा कैद झाला, ते घरात कोणासही कळले नव्हते.

“आदी हे काढलं असतं, तं फाईलबी तेच्यासंगं गेली असती,” तरुण शांतपणे म्हणाला, व नव्या पहारेकऱ्याकडून पुन्हा तपासून घेण्याच्या बोलीवर त्याने ती सोडविली. गुरुजी काही बोलले नाहीत. इशाऱ्याचे तांबडे अक्षर मात्र, मला वाटते, त्या क्षणापासून त्यांना तितकेसे भयावह राहिले नाही.

पुढचे सारे नित्याचे: कंट्रोल पॅनेलमधून उच्चाटन, पुनरारंभ, उरलेसुरले अवशेष पुसण्यासाठी कंपनीनेच दिलेले निराळे साधन, पुन्हा पुनरारंभ. मधल्या अराजकात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, जो २०१२ सालच्या विंडोज ८ पासून पुरता अँटिव्हायरस म्हणून यंत्रासोबत फुकटच येतो, कोणी न सांगता कारभार हाती घेऊन बसलेला दिसला. “मंग हाच का नको, बाबू?” असे गुरुजींनी विचारले, तेव्हा ज्याच्या मिळकतीचा मार्ग नव्या अँटिव्हायरसच्या डब्यातूनच जात होता तो हा तरुण क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हाच पुरते जी, लय लोकाइले. पन पेन ड्राइव्ह तुमी कोनाकोनाचे लावता, ते तुमाले मालूम.” भीतीवर चालणाऱ्या या व्यापारात इतके सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हते.

गुरुजींनी तरीही डबाच घेतला, तो पुण्याच्या क्विक हीलचा. रहिमतपूरच्या कैलाश काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या धंद्यातून सुरुवात केली, १९९३ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली, आणि धाकटे बंधू संजय यांनी विषाणू शोधणारा प्रोग्राम रचला, ही हकीकत तरुणास मुखोद्गत होती. दुरुस्तीवाल्याने दुरुस्तीवाल्याविषयी सांगावी तशी, काहीशा अभिमानाने, त्याने ती सांगितली.

मग त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. “६८ अक्षरं हायेत,” तो म्हणाला, आणि नोटपॅड उघडून एकेक चिन्ह ठेवू लागला. या ६८ अक्षरांत अपाय काहीच नाही. पण आयकार या युरोपीय संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी ही ओळ विषाणू समजून पकडावयाची, असा अँटिव्हायरसवाल्यांचा आपसांतील संकेत आहे, तो केवळ पहारा जागा आहे की नाही याची खातरजमा व्हावी म्हणून. तिसरे अक्षर इंग्रजी ‘ओ’, शून्य नव्हे. ६८ पैकी तेवढे एक चुकले तरी कोणी हूं की चूं करीत नाही, असे तो टंकता टंकता बजावीत होता. फाईल जतन होताच ती जप्त झाली. निरपराध ६८ अक्षरांना धरून पहारेकऱ्याने आपली जागरूकता सिद्ध केली खरी. तेंदूच्या तक्त्याचे प्रकरण नुकतेच पाहिले असल्यामुळे मला त्या पराक्रमाचे तितकेसे कौतुक वाटले नाही.

पहारेकऱ्याची अशीच एक बदली मला आठवली: सप्टेंबर २०२४ मध्ये, रशियन कॅस्परस्की अँटिव्हायरसवर अमेरिकेच्या सरकारने बंदी घातल्यानंतर, तेथील त्याच्या अनेक ग्राहकांना एके दिवशी आपल्या यंत्रात अल्ट्राएव्ही नावाचा अपरिचित प्रोग्राम आपोआप बसलेला आढळला होता. तिथे बदली दुरून आणि परस्पर उरकली, इथे प्रत्येक पायरीस “करू का जी?” असे विचारले गेले, आणि तक्ता सुटला तो या विचारण्यामुळेच.

गुरुजींनी सोडविलेला तक्ता उघडून बेरीज पडताळली, मग चष्मा काढून पैसे मोजले. पावतीवर नव्या डब्याची किंमत तेवढी होती. जुने काढण्याचे, कैदेतील फाईल शोधण्याचे काय घेणार, असे मी विचारले तर तरुण हसला. “ते तं डब्यातच आलं जी,” असे म्हणून त्याने ६८ अक्षरांच्या कागदाची घडी खिशात घातली.