मावळ्यांच्या पायांची माती
घरातली जपणूक : लेखांक ९

तुळशीचं लग्न लागलं की पनवेलच्या अंगणांतले आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांतले दिवाळीचे किल्ले मोडायला लागतात. माती कुंड्यांत जाते, विटा जिन्याखाली, मावळे चपलांच्या खोक्यात. पण मावळे एकटे जात नाहीत. पायांना लाल मातीचा गोळा, त्यात अळिवाची वाळलेली मुळं, हिरवी रांगोळी, एखाद्याला फेव्हिकॉलने चिकटवलेला पुठ्ठा. पुढच्या वर्षी खोका उघडला की कुणीतरी तो गोळा ओढतं आणि गोळ्याबरोबर घोटाही हातात येतो.

आमच्या बाजूला कर्नाळा करायचा हट्ट असतो. हायवेवरून दिसणारा तो अंगठ्यासारखा सुळका मुलांना मातीत उभा करायचाच असतो. त्या उभ्या चढावर मावळा टिकावा म्हणून चिखल जोरात दाबला जातो. म्हणून कर्नाळ्यावर उभ्या राहिलेल्या मावळ्यांच्या पायांशी सगळ्यात जास्त माती असते, आणि मोडतातही तेच जास्त.

मी दहा वर्षांचा असताना शाडूचे सात मावळे स्वच्छ करायचे म्हणून बादलीत बुडवले होते. अर्ध्या तासाने खाली राखाडी गाळ आणि वर रंगाचे पापुद्रे. त्यात आजीने दिलेला तुतारीवाला होता. त्याची आठवण अजून जात नाही, आणि हा लेखांक लिहावासा वाटला तो त्याच्यामुळेच.

चूक पाण्याची नव्हती. चित्र, म्हणजे किल्ल्यावरची मूर्ती, कशाचं आहे हे मी पाहिलं नव्हतं. शाडू नुसता वाळवलेला असतो, त्यामुळे पाणी लागलं की त्याचा पुन्हा चिखल होतो. भट्टीत भाजलेली माती कायमची बदलते, ती विरघळत नाही. प्लास्टर विरघळून जात नाही, पण पाणी पितं आणि वरून मऊ पडतं. ओळखायचं कसं? चित्र उलटं करून बैठकीखाली पाहा. तिथे रंग नसतो. ओलं बोट टेकवा. बोटाला राखाडी चिकट माती लागली तर शाडू, पांढरी भुकटी लागली तर प्लास्टर. आतून लाल आणि नखाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारं ते भाजलेलं. मग रंग तपासा. पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी, ओलसर कापसाची काडी हलकेच फिरवा. कापसावर रंग उतरला तर त्या चित्राला पाणी वर्ज्य.

आता माती. घडी घातलेल्या टॉवेलवर चित्र आडवं ठेवा. धरायचं ते बैठकीला, तलवारीला किंवा हाताला कधीच नाही. शाडूचं असेल तर सगळं काम कोरडं. अगरबत्तीच्या काडीचं टोक तिरकं करून मातीचा गोळा बाहेरच्या कडेपासून थोडा थोडा फोडायचा आणि मऊ ब्रशने झटकायचा. सुई, सुरी नको, रंगावर चरा उठतो. भाजलेल्या चित्रावर किंवा ऑइलपेंटने रंगवलेल्या प्लास्टरवर ब्रशच्या टोकाने पाण्याचा एक थेंब फक्त मातीवर सोडा, दोन मिनिटं थांबा, मऊ झालेला थर उचला, पुन्हा एक थेंब. चित्र ओढायचं नाही, माती सोडवायची. नंतर सावलीत वाळवा.

अळिवाचं प्रकरण वेगळं आहे. लाडवांसाठी अळीव भिजवले की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं, ते आठवा. किल्ल्यावर तेच आवरण मावळ्याच्या पायाला लागतं आणि वाळून गोंदासारखं घट्ट होतं. कोरडा दाणा खेचला तर त्याखालचा रंग निघतो. रंग पाणी सोसणारा असेल तर त्या एका दाण्यावर ओला कापूस ठेवा. तो पुन्हा फुगतो आणि आपसूक सरकतो. शाडूच्या चित्रावर दाणा कात्रीने वरून कापा आणि उरलेला तसाच राहू द्या.

फेव्हिकॉल कोमट पाण्याच्या कापसाखाली दहा-पंधरा मिनिटांत पांढरा, रबरासारखा होऊन सुटतो. शाडूला हेही चालत नाही. तिथे पुठ्ठाच खालून एकेक पापुद्रा करून सोलावा. फेव्हिक्विकवर नेलपॉलिश रिमूव्हर घालायचा मोह आवरा, कारण तो रंगही नेतो आणि प्लास्टिकही. प्लास्टिकचा मावळा प्लास्टिकच्या चकतीला फेव्हिक्विकने चिकटवलेला असेल, तर पिशवीत घालून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत तो गोंद ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने बरेचदा सुटतो. मातीच्या चित्रांना फ्रीजर नको. एम-सील लावलेलं असेल तर हात लावू नका. ते चित्रापेक्षा कडक असतं, त्यामुळे तुटलं तर चित्रच तुटतं.

खळीने चिकटवलेल्या कागदासाठी एक जुना उपाय सांगतो, तो ऐकून नाक मुरडू नका : थुंकी. पोर्तुगालच्या तिघा संशोधकांनी १९९० साली लाळेचा मळ काढण्याचा गुण मोजून दाखवला, आणि त्या कामाला २०१८ मध्ये इग नोबेल मिळालं. लाळेतला अमायलेज पिठूळ पदार्थ तोडतो. कापसाची काडी जिभेला लावून खळीवर फिरवायची, दर वेळी नवी काडी घ्यायची आणि शेवटी साध्या पाण्याच्या काडीने पुसून काढायचं. रंग कच्चा असेल तर हेही नको.

घोट्याच्या खाचेत थोडी माती राहिली तर राहू द्या. पुढच्या दिवाळीत चित्र पुन्हा मातीतच उभं राहणार आहे, आणि ती शेवटची किनार काढतानाच पाय मोडतात.

यंदाचा किल्ला अजून उभा असेल तर तो पूर्ण सुकायची वाट पाहू नका. माती किंचित ओलसर असतानाच चमच्याने भोवती खणून मावळे उचला. आणि पुढच्या वर्षी मांडताना प्रत्येक बैठकीखाली प्लास्टिकच्या पिशवीची एक चकती कापून ठेवा, माती तिलाच चिकटेल. तुटलेला हात कसा जोडायचा ते पुढच्या आठवड्यात. तोवर तुटलेले तुकडे फेकू नका, काडेपेटीत घालून त्याच खोक्यात ठेवा.