खुर्ची गेल्यानंतरचे काम

निवडणुकीत पडलेला माणूस आपल्याकडे बहुधा दोनच गोष्टी करतो. पक्ष बदलतो, नाहीतर पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागतो. पदावर असताना शिकलेले पदाशिवाय वापरणारे थोडेच. अशा एकाची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्टॉक्टन नावाचे तीन लाखांवर वस्तीचे बंदराचे शहर आहे. २०१२ मध्ये या शहराने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी मायकेल टब्ज हा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण तिथे नगरसेवक झाला. वडील तुरुंगात, आई अगदी कोवळ्या वयात आई झालेली. गरिबी त्यांनी घरातच पाहिली होती. २०१६ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, ते महापौर म्हणून निवडून आले. शहराचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर.

फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी एक प्रयोग सुरू केला. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील १२५ जणांना दरमहा ५०० डॉलर द्यायचे, आणि कसलीही अट घालायची नाही. पैसा देणगीदारांचा होता, पालिकेचा नव्हे. लोक म्हणाले, फुकटचा पैसा मिळाला की माणसे काम सोडतील, दारूत उडवतील. अभ्यासकांनी पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च एक टक्क्याहूनही कमी निघाला. सर्वांत जास्त पैसा अन्नावर गेला होता. पूर्णवेळ नोकरी करणारे २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. ज्यांना पैसे मिळत नव्हते त्यांच्यात हीच वाढ ३२ वरून ३७ एवढीच होती. महिन्याची ओढाताण थोडी सैल झाली, म्हणून बरी नोकरी शोधायला उसंत मिळाली. कोरोनाच्या वर्षात मात्र हे फायदे बरेच ओसरले, हेही सांगितले पाहिजे.

एवढे होऊनही नोव्हेंबर २०२० मध्ये टब्ज हरले. मार्च २०२१ मध्ये राज्याचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यांना आर्थिक उन्नतीच्या प्रश्नांवर विशेष सल्लागार नेमले. सल्लागाराला मत नसते, सहीचा अधिकार नसतो. त्याच्याजवळ असतो तो अनुभव आणि पुरावा. त्याच वर्षी राज्याने अशाच प्रयोगांसाठी साडेतीन कोटी डॉलर बाजूला काढले. गरोदर स्त्रिया आणि सरकारी देखरेखीतून बाहेर पडणारी निराधार मुले यांना त्यात अग्रक्रम मिळाला. निवडणुकीची वाट टब्ज यांनी कायमची सोडली असे नाही. २०२४ मध्ये त्यांनी राज्यातल्या मोठ्या पदासाठी पुन्हा उभे राहण्याचे जाहीर केले. पण मधली वर्षे त्यांनी रिकामी घालवली नाहीत.

आपल्या घरांसाठी यात दोन गोष्टी आहेत. पहिली, गरिबावर विश्वास. जकात देताना आपण कितीदा विचारतो, 'हा पैशाचे करणार काय?' फुकहांनी तर तमलीकची अट सांगितली आहे. म्हणजे घेणाऱ्याला त्या रकमेचा मालक करायचे. घरभाडे थकले असेल तर भाडे, मुलीची फी असेल तर फी, हे त्याने ठरवायचे. रमजानमध्ये घरोघर एकसारखे किट वाटताना याचा विचार व्हावा.

दुसरी गोष्ट माजी माणसांची. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात किती माजी नगरसेवक आपापल्या मोहल्ल्यात नुसते बसून होते! रेशनकार्डाचा अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, शिष्यवृत्तीला कोणता दाखला कमी पडतो, विधवेची पेन्शन का थांबते, हे त्यांना तोंडपाठ असते. माजी सरपंच, जमातीचे जुने विश्वस्त, निवृत्त तलाठी यांचेही तसेच.

अशा लोकांना आठवड्यातून एक संध्याकाळ मशिदीच्या किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत बसवता येईल. समोर अर्ज घेऊन आलेल्या बाया-माणसांची रांग असेल. पडलेल्या उमेदवाराला आपण सलाम करणेही सोडतो. त्यापेक्षा त्याला म्हणावे, 'भाईजान, तुम्हाला ठाऊक आहे ते या मुलांना शिकवा.'