सॅक निवडा आपल्या पाठीच्या मापाची!

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा आणि ताठ मान! आपल्या आज्या-पणज्या अशाच पाण्याच्या खेपा घालत. ओझं सरळ कण्यावरून पायांत उतरे. पाठीवरच्या सॅकचं तसं नसतं. ती मागे ओढते, म्हणून आपण पुढे वाकतो आणि थोड्याच वेळात खांदे भरून येतात.

पंचवटीतल्या आम्ही काहीजणी हिमालयातल्या पदभ्रमणाची तयारी म्हणून पाठीवर वजन घेऊन चालतो. एरवी गोदाघाट, रविवारी म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या नाहीतर रामशेज किल्ला. आमच्यातल्या एकीने लेकाची सॅक आणली. लेक सहा फुटी, आई जेमतेम पाच फूट! कमरेचा पट्टा खाली घसरलेला, सगळा भार खांद्यांवर. गड उतरेपर्यंत बाईंच्या हातांना मुंग्या आल्या. पट्ट्यांनी खांद्यातल्या शिरा दाबल्या की असंच होतं.

म्हणून मैत्रिणींनो, आधी पाठ मोजा. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो मणका उठून दिसतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत शिवणाची टेप धरा. सॅकचं माप या लांबीवरून ठरतं, आपल्या उंचीवरून नव्हे.

आता चौकट. पाच-सहा किलोसाठी बिनचौकटीची सॅकही चालते. त्याहून जास्त वजनाला चौकट हवीच, कारण तीच भार कमरेच्या पट्ट्याकडे पोचवते. बाहेरून नळ्यांची चौकट असलेली सॅक जड, अवघड सामानाला उत्तम. पाठीला वाराही लागतो. पण कातळावर चढताना ती हेलकावे खाते. आतल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेली सॅक अंगाला बिलगून राहते. घाम जास्त येतो खरा, पण आपल्या सह्याद्रीत तोल महत्त्वाचा, नाही का? बायकांसाठी आखूड पाठीच्या, वळणदार खांदेपट्ट्यांच्या सॅकही मिळतात.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात पाहू नका. आत आठ-दहा किलो भरायला सांगा. आधी कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट बसवा, मग खांद्याचे पट्टे ओढा. बहुतेक भार कमरेवर आला पाहिजे. दहा मिनिटं फिरा, जिने चढा-उतरा. कुठे टोचलं तर सरळ दुसरी मागा. संकोच कसला!

सरावाची सुरुवात आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाने करा. पंचावन्न किलोच्या बाईला साडेपाच किलो पुरे. अंगवळणी पडलं की एकेक किलो वाढवा. गव्हाची पिशवी टॉवेलात गुंडाळून पाठीलगत, मधोमध ठेवा, तळाशी नको. आणखी एक युक्ती: वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या न्या आणि माथ्यावर झाडांना पाणी घाला. उतरताना गुडघे दुवा देतील! मणक्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हो, सॅक आणायला ‘ह्यांना’ किंवा मुलाला धाडू नका. स्वतः जा. पाठ आपली आहे, माप दुसऱ्याचं कसं चालेल?