नकाशे जुळतात, शब्द जुळत नाहीत

उल्हासनगरची एकच गल्ली चार कागदांवर चार भाषा बोलते. पत्त्यात बराकीचा क्रमांक असतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले. बऱ्याच बराकींच्या जागी इमारती उठल्या, क्रमांक पत्त्यात राहिले. नगर भूमापनात त्याच जागेला वेगळा क्रमांक, विकास आराखड्यात एक रंग, झोपडपट्टीच्या यादीत एक नाव.

हे नकाशे आता संगणकावर एकावर एक ठेवता येतात. अक्षांश-रेखांश जुळले की काम झाले, असा समज आहे. वर्गात मी सांगतो, रेषा जुळवणे सोपे, अर्थ जुळवणे अवघड. भूमापन विचारते, जमीन कोणाची? आराखडा विचारतो, वापर कशासाठी? जनगणना विचारते, माणसे किती? म्हणून आधी सर्वांसाठी संकल्पनांचा एक सामाईक साचा ठरवावा लागतो आणि प्रत्येक नकाशातला शब्द त्यातल्या नेमक्या संकल्पनेशी जोडावा लागतो.

'झोपडपट्टी' हाच शब्द घ्या. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा पाहतो, की वस्तीची अवस्था आरोग्याला, सुरक्षिततेला धोकादायक आहे काय. २०११ च्या जनगणनेने मात्र, सरकारी यादीत नसलेल्या वस्तीसाठी किमान ३०० लोकसंख्या किंवा सुमारे ६०-७० कुटुंबे अशी अट घातली. यादीबाहेरची चाळीस घरांची वस्ती तिथे बसत नाही. दोन्ही शब्द एकच, असे यंत्राला सांगून जनगणनेचा नकाशा प्रमाण मानला, की चाळीस घरे पुसली गेली. बुलडोझरही लागला नाही.

'अतिक्रमण' त्याहून बेरकी शब्द. तो जागेचे वर्णन करीत नाही, माणसाच्या जागेशी असलेल्या नात्यावर निकाल देतो. 'रस्ता', 'नाला' यांच्या रांगेत तो बसवला, की तिथे घरे आहेत ही नोंदच उरत नाही. यूएन-हॅबिटॅटच्या पुढाकाराने झालेल्या 'सोशल टेन्युअर डोमेन मॉडेल'मध्ये माणूस, जागा आणि त्यांचे नाते या वेगळ्या नोंदी आहेत. नाते मालकीचे, भाड्याचे, नुसत्या ताब्याचेही असू शकते. ताबा नोंदला म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे. पण माणूस कागदावर दिसतो.

अंबरनाथ-बदलापुराभोवतीच्या खेड्यांकडे वळले की नावाचा प्रश्न येतो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा शासन निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला. योग्यच झाले. पण जुन्या कागदावर 'महारवाडा' आणि नव्यावर 'भीमनगर' असेल, तर नावालाच ओळख मानणारा साचा दोन वस्त्या मोजील. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली, तरी त्या जमिनींचे वाद जुन्या कागदांवरच लढावे लागतात. तेव्हा जुने नाव पाटीवरून जावे, नोंदीत तारखेसह राहावे.

वस्तीची पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी जागा, माणूस, नाते, नाव आणि वर्ष यांचे रकाने वेगळे ठेवावेत. कार्यालयाचा शब्द उचलण्यापूर्वी त्याची व्याख्या माहितीच्या अधिकारात लेखी मागावी.