अपूर्ण वस्तूची विक्री आणि ग्राहकाचा अपेक्षाभंग : 'एलिट डेंजरस' या अंतराळ-खेळाच्या संदर्भात

प्रस्तावना

पुस्तक वा यंत्र विकत घेतले की विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील व्यवहार सामान्यतः तेथेच संपतो. संगणकीय खेळांच्या बाबतीतही दीर्घकाळ हीच स्थिती होती. खेळ कॅसेटवर किंवा तबकडीवर मिळे आणि त्यात जे असेल तेच ग्राहकाच्या पदरी पडे. आंतरजालाच्या प्रसारानंतर हे चित्र पालटले. खेळ विकल्यानंतरही वर्षानुवर्षे घडवला जाऊ लागला. त्यात मोफत सुधारणा येऊ लागल्या आणि काही भर 'विस्तार' या नावाने स्वतंत्र किंमत आकारून विकली जाऊ लागली. या पद्धतीचे लाभ उघड आहेत. तथापि तिच्यामुळे ग्राहकांच्या ठायी एक विशिष्ट प्रकारचा अपेक्षाभंगही निर्माण झाला. हा अपेक्षाभंग केवळ तांत्रिक दोषांतून उद्भवत नसून नेमके काय विकले गेले, वस्तू की वचन, या अनिश्चिततेतून उद्भवतो, हे 'एलिट डेंजरस' या ब्रिटिश खेळाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या संगणकासाठी 'एलिट' हा खेळ तयार केला. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या त्या संगणकावर त्यांनी ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ तारे उभे केले. हे तारे स्मृतीत साठवलेले नव्हते. एका मूळ संख्येपासून गणिती नियमांनी ते दर वेळी नव्याने निर्माण होत. खेळाडूने यान चालवावे, व्यापार करावा, चाच्यांशी लढावे आणि आपला मार्ग आपणच ठरवावा, ही या खेळाची कल्पना त्या काळी अपूर्व होती. १९९३ व १९९५ मध्ये त्याचे पुढील दोन भाग आले. त्यानंतर मात्र जवळजवळ दोन दशके चाहत्यांच्या वाट्याला प्रतीक्षाच आली.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ब्रेबन यांच्या केंब्रिज येथील फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने 'किकस्टार्टर'वरून लोकवर्गणीचे आवाहन केले. उद्दिष्ट १२ लाख ५० हजार पौंडांचे होते. प्रत्यक्षात २५ हजारांहून अधिक लोकांनी सुमारे १५ लाख ७८ हजार पौंड दिले. १६ डिसेंबर २०१४ रोजी खेळ प्रसिद्ध झाला. आपल्या आकाशगंगेची सुमारे ४० हजार कोटी तारकासंस्थांची प्रतिकृती त्यात होती. तिच्या निर्मितीचे तंत्र तत्त्वतः १९८४ चेच होते, मात्र त्याला खगोलशास्त्रीय माहितीची जोड दिली होती.

वचनाचा पहिला भंग

लोकवर्गणीच्या काळात कंपनीने आंतरजालाच्या जोडणीविना एकट्याने खेळता येईल अशा सोयीचे आश्वासन दिले होते. खेळ प्रसिद्ध होण्यास जेमतेम महिना उरला असताना, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ही सोय वगळल्याचे जाहीर झाले. सर्व खेळाडूंची मिळून एकच बदलती आकाशगंगा असावी, या संकल्पनेशी ती सोय जुळत नाही, असे कारण देण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या ते समजण्याजोगे होते. परंतु ज्यांनी त्या आश्वासनावर विसंबून पैसे दिले होते, त्यांनी परताव्याची मागणी केली आणि कोणाला परतावा द्यावा यावरून वाद झाला.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. लोकवर्गणी देणारा हा ग्राहक की आश्रयदाता? 'आम्ही दुकान नव्हे' असे किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्येच जाहीर केले होते. मराठी वाचकाला प्रकाशनपूर्व सवलतीत ग्रंथाची नोंदणी करण्याची प्रथा परिचित आहे. पण तेथे ग्रंथाचे खंड किती, पृष्ठे किती, हे बहुधा आधी सांगितलेले असते. येथे वस्तूचे स्वरूपच निर्मितीच्या ओघात बदलत होते.

विस्ताराची किंमत

डिसेंबर २०१५ मध्ये 'होरायझन्स' हा पहिला सशुल्क विस्तार आला. वातावरणविरहित ग्रहांवर यान उतरवण्याची सोय त्यात होती. तो एका 'हंगामा'च्या स्वरूपात विकला गेला. म्हणजे पैसे आरंभी घेऊन पुढील भाग टप्प्याटप्प्याने द्यावयाचे, अशी ही रचना होती. त्यातील अखेरचा मोठा भाग सप्टेंबर २०१७ मध्ये आला. नव्या ग्राहकाला मूळ खेळ आणि विस्तार एकत्रित किमतीत मिळत होते. जुन्या ग्राहकाला सवलत मिळाली, तरी दोन्ही वेळचे मिळून त्याने अधिक पैसे मोजले होते. जे आरंभापासून सोबत राहिले त्यांनाच निष्ठेचा भुर्दंड पडला, अशी भावना त्यामुळे बळावली.

कंपनीची बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. खेळ एकदाच विकला जातो; मात्र सामायिक आकाशगंगा चालू ठेवण्यासाठी सर्व्हरचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च अखंड होत राहतो. मासिक वर्गणी घ्यावयाची नसेल, तर सजावटीच्या वस्तू विकणे किंवा सशुल्क विस्तार काढणे एवढेच मार्ग प्रामुख्याने उरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये 'होरायझन्स' मूळ खेळात विनामूल्य समाविष्ट करण्यात आला आणि पुढील विस्तारासाठी भूमी तयार झाली.

'ऑडिसी' आणि विश्वासाची हानी

१९ मे २०२१ रोजी 'ऑडिसी' हा दुसरा विस्तार प्रसिद्ध झाला. खेळाडूला यानातून उतरून ग्रहावर पायी चालता येणार होते, हे त्याचे मुख्य आकर्षण होते. मार्चअखेरीस सुरू झालेल्या चाचणी-आवृत्तीतच खेळ अडखळत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तरीही ठरल्या वेळी विस्तार बाजारात आला. सामर्थ्यवान संगणकांवरही दृश्ये थबकत, सर्व्हरची जोडणी तुटे, ग्रहांच्या पृष्ठभागावर तेच ते आकृतिबंध पुनःपुन्हा दिसत. ब्रेबन यांना काही दिवसांतच जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यानंतर अनेक महिने दुरुस्त्यांत गेले.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर खेळणाऱ्यांची स्थिती याहून बिकट झाली. त्यांच्यासाठी हा विस्तार नंतर येणार होता. प्रथम तो लांबणीवर पडला आणि १० मार्च २०२२ रोजी या यंत्रांसाठीचा पुढील विकास कायमचा थांबवल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आकाशगंगेचे दोन भाग झाले. संगणकावरील अद्ययावत आकाशगंगेत कथानक पुढे जाऊ लागले, तर जुन्या आकाशगंगेत ते गोठले. या खेळाडूंना आपली प्रगती संगणकावरील आवृत्तीत नेण्याची सोय देण्यात आली. पण त्यासाठी योग्य संगणक पदरी असणे आवश्यक होते. त्यांनी विकत घेतलेली वस्तू काढून घेतली गेली नव्हती. मात्र ज्या चालत्या जगात त्यांनी शेकडो तास घालवले होते, ते जग त्यांच्यापुरते थांबले होते.

अपेक्षाभंगाची कारणमीमांसा

वरील घटनाक्रमावरून तीन कारणे संभवतात.

पहिले कारण निर्मितीतंत्रात आहे. गणिती नियमांनी अफाट आकाशगंगा निर्माण करता येते. परंतु तेथे पोहोचल्यावर करण्याजोगे काही असावे, यासाठी माणसांनी हाताने रचना करावी लागते. रुंदी स्वस्त पडते, खोली महाग पडते. 'पसारा मोठा, खोली थोडी' ही या खेळाविषयीची जुनी तक्रार या विषमतेतून आली. प्रत्येक विस्ताराने नवा थर दिला; जुन्या थरांतील उणिवा मात्र बऱ्याच अंशी तशाच राहिल्या. त्यामुळे नव्यासाठी पैसे मागितले जाताच जुन्याचा हिशेब पुढे येई.

दुसरे कारण नात्याच्या संदिग्धतेत आहे. एकच व्यक्ती वर्गणीदार, ग्राहक आणि त्या काल्पनिक जगाची रहिवासी अशा तीन भूमिकांत वावरते. कायदा यांपैकी ग्राहकाच्या भूमिकेला संरक्षण देतो. युनायटेड किंग्डमचा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा डिजिटल आशय समाधानकारक दर्जाचा आणि वर्णनाशी जुळणारा असावा, अशी अट घालतो. अडखळणारा विस्तार या चौकटीत तपासता येतो. जो विस्तार कधी विकलाच गेला नाही, त्याच्या प्रतीक्षेचे मोल मात्र या चौकटीत मोजता येत नाही.

तिसरे कारण निष्ठेशी निगडित आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मधील आपल्या 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दर्जा घसरल्यावर ग्राहक एकतर निघून जातो किंवा आवाज उठवतो; निष्ठा त्याला निघून जाण्यापासून रोखते आणि आवाज उठवण्यास प्रवृत्त करते. या दृष्टीने पाहता, सर्वाधिक संतप्त खेळाडू हे बहुधा सर्वाधिक गुंतलेले खेळाडू ठरतात. त्यांचा रोष हा कंपनीला अजून उपलब्ध असलेला विश्वासाचा साठा होय. रोष शमला आणि शांतता पसरली, तर ती समाधानाचीच खूण असेल असे नाही.

तौलनिक दृष्टिक्षेप

याच क्षेत्रातील दोन उदाहरणे येथे उद्बोधक ठरतात. हॅलो गेम्स या ब्रिटिश कंपनीचा 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आधी वर्णिलेल्या अनेक गोष्टी त्यात नव्हत्या आणि त्यावर तीव्र टीका झाली. कंपनीने पुढील वर्षांत बोलणे कमी करून एकामागून एक मोठ्या सुधारणा विनामूल्य दिल्या आणि गमावलेला विश्वास बव्हंशी परत मिळवला. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या खेळाच्या संदर्भात २०१३ मध्ये भावी सशुल्क विस्तारांवरून वाद होताच, एप्रिल २०१३ अखेरपर्यंतच्या ग्राहकांना सर्व विस्तार मोफत मिळतील असे निर्मात्यांनी जाहीर केले. २०१८ मध्ये पहिला विस्तार आला तेव्हा ते वचन पाळले गेले. पहिल्या उदाहरणात कृतीने वचनाची भरपाई केली. दुसऱ्यात वचनाला निश्चित तारखेची मर्यादा घातली गेली.

'एलिट डेंजरस'नेही नंतर मार्ग बदलला. २०२४ पासून नवी याने काही काळ आधी हवी असल्यास पैसे देऊन आणि नंतर खेळातील चलनाने मिळू लागली; फेब्रुवारी २०२५ मध्ये तारकासंस्थांत वसाहती स्थापण्याची मोठी सोय स्वतंत्र विस्ताराविना आली. या बदलाने अनेक जुने खेळाडू परतले. पैशाने मिळणाऱ्या आघाडीबद्दल मात्र आक्षेप राहिलेच.

निष्कर्ष

सतत घडत राहणारी वस्तू विकणे गैर नाही. अनेक उत्तम खेळ याच पद्धतीने परिपक्व झाले. मात्र आज हाती काय मिळते, पुढे काय देण्याचे बंधन स्वीकारले आहे आणि केवळ मनोदय कोणता आहे, या तीन गोष्टी विक्रीच्या वेळी वेगळ्या सांगितल्या गेल्या नाहीत, तर ग्राहक स्वाभाविकपणे तिन्हींची किंमत मोजल्याचे मानतो. सशुल्क विस्तार हा तो हिशेब उघड होण्याचा क्षण असतो. महाविद्यालयांतून वापरली जाणारी संगणकप्रणालीही आता बऱ्याच अंशी याच पद्धतीने विकली जाते. म्हणून दूरच्या आकाशगंगेतील हा वाद केवळ खेळाडूंचा मानून सोडून देता येत नाही.