वसंतऋतू व नवखा बागवान

कवींनी वसंताचे गुणगान पुष्कळ केले आहे. परंतु ज्याने कुरुंद्यासारख्या गावी परसात प्रथमच चार वाफे केले आहेत, त्यास हा ऋतू तितकासा कृपाळू वाटत नाही. फाल्गुन-चैत्रात येथे सकाळ सुखद असते, दुपारी ऊन भाजून काढते, आणि एखाद्या तिसऱ्या प्रहरी आभाळ काळवंडून अर्ध्या घटकेत गारांचा मारा होतो. हे का घडते व कोवळ्या रोपांस त्यातून कसे वाचवावे, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

होळीच्या सुमारास जमीन तापू लागली म्हणजे तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढते. ती कोरडी असेल तोवर त्यातून काही निष्पन्न होत नाही. परंतु समुद्रावरून दमट वारे आत शिरले, व त्याच वेळी उंचावर थंड हवा असली, तर ढग कित्येक मैल उंच वाढतात. त्यांतील जलबिंदू गोठतात. वर चढणारा वारा त्यांस खाली पडू देत नाही. आणि थरावर थर चढून गार इतकी जड होते की, वाऱ्यास ती पेलत नाही. उन्हाचा ताप हेच गारेचे एक कारण आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल! २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागात अशी गारपीट झाली. मराठवाड्यात काढणीस आलेला गहू, ज्वारी व हरभरा आडवा झाला. जेथे पिढीजात शेतकरी हतबल झाले, तेथे नवख्याने आपल्या चार वांग्यांविषयी लाज का मानावी?

ह्याच दिवसांत वसमतकडे हळद शिजवून वाळविण्याचे काम चालते. वाळत घातलेली हळद भिजली तर तिचा रंग बिघडतो व बुरशी धरते. म्हणून ताडपत्री हाताशी ठेवावी लागते. बागवानानेही तसेच करावे. तुराट्यांचा मांडव आधीच उभारून त्यावर जुने लुगडे उतरते ताणून बांधावे. एरवी त्याची सावली होते, गारांच्या वेळी मारा सौम्य होतो. मात्र आभाळ गडगडू लागल्यावर बांधाबांध करण्यास मुळीच बाहेर पडू नये. रोपे पुन्हा लावता येतात, विजेने गेलेला जीव परत येत नाही.

पाण्याविषयी नवख्याची फार फसगत होते. दुपारी भोपळ्याची पाने माना टाकतात, ती पाहून तो घागर ओततो. आमच्या मते आधी दोन बोटे माती उकरून पाहावी. काळी जमीन वरून भेगाळली तरी खाली ओल धरून असते, व अति पाण्याने मुळे कुजतात. संध्याकाळी पाने आपोआप सावरली, तर पाण्याची निकड नव्हती असे समजावे.

गारा पडून गेल्यावर प्रथम साचलेले पाणी चर काढून बाहेर काढावे. वाफसा येताच हलकी खुरपणी करावी, म्हणजे वरची पपडी फुटून मुळांस हवा मिळते. वांग्या-टोमॅटोची रोपे फाटकी दिसली म्हणून उपटू नयेत. खोड शाबूत असल्यास आठ-दहा दिवसांत फुटवे दिसू लागतात. मेथी-कोथिंबिरीची गोष्ट वेगळी. ती चेंगरली तर सरळ पुन्हा पेरावी, परंतु सावलीत. गवार व भेंडी उन्हास चांगली टिकतात. त्यांचेही बी एकदम संपवू नये. निम्मे आज पेरावे व निम्मे पंधरा दिवसांनी.